आवाहन : डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या परदेशी भाषेच्या तासाला तुमचा आवाज हवा आहे

नमस्कार. शाळेच्या पालक-शिक्षक संघातर्फे ही विनंती. पैसे लागणार आहेतच, पण त्याआधी धडे वाचून रेकॉर्ड करून देण्यासाठी आवाज हवे आहेत : फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश किंवा जपानी नीट बोलता येणाऱ्यांचे.

डिस्लेक्सिया (वाचन-लेखन अवघड जाणं) असलेलं मूल परदेशी भाषेत अडखळलं की सल्ला ठरलेला असतो, ‘विषय बदला’. एखाद्यासाठी तो योग्यही असेल, पण बहुतेक वेळा तो घाईने दिला जातो. या मुलांच्या बुद्धीत काही कमी नसतं. शब्दातले सुटे ध्वनी ओळखून ते अक्षरांशी पटकन जोडणं त्यांना जड जातं. पहिल्या भाषेत मोठ्या कष्टाने बसवलेली ही जुळणी नव्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. त्यात लिपी तीच आणि उच्चार निराळे असले, तर गोंधळ आणखी वाढतो.

सगळ्याच भाषा सारखा त्रास देत नाहीत. स्पॅनिश, इटालियन बऱ्याच अंशी लिहिल्यासारख्या वाचता येतात, जर्मनही त्या मानाने सरळ. इंग्रजीत मात्र सुमारे 40 ध्वनी लिहिण्याच्या हजारावर तऱ्हा आहेत. फ्रेंचमध्ये ‘मी बोलतो’, ‘तू बोलतोस’, ‘ते बोलतात’ यांतली क्रियापदं कागदावर वेगळी, कानाला एकच. लाल शाई सगळ्यात जास्त तिथेच खर्च होते! 1999 मध्ये संशोधकांनी एका द्विभाषक मुलाची नोंद केली : इंग्रजी वाचताना त्याला डिस्लेक्सियाचा त्रास होता, जपानी मात्र तो उत्तम वाचत होता. म्हणून भाषा निवडायची मुभा असेल, तर पालकांनी आधी हे जरूर विचारात घ्यावं.

आता आवाजाविषयी. इतर मुलं वाचता वाचता शब्द उचलतात, ती वाट या मुलांना अवघड. धडा आधी कानांच्या ओळखीचा झाला आणि मग ऐकत ऐकत, ओळीवर बोट ठेवून वाचला, तर मजकूर हाती लागतो. संगणकाचा आवाज कामचलाऊ असतो. नेमकं कुठे थांबायचं, हे माणसालाच कळतं. प्रत्येक वाक्य एकदा सहज वेगाने आणि एकदा सावकाश म्हणा. जर्मनमधले लांबलचक जोडशब्द तोडून म्हणा. घरी शांत खोलीत फोनवर केलेलं रेकॉर्डिंग पुरेसं आहे. ते या मुलांपुरतंच राहील.

आठवड्यातून थोडा वेळ प्रत्यक्ष येऊन गप्पा मारणारं कुणी मिळालं तर फारच छान. तोंडी भाषेत यातली काही मुलं वर्गाच्या पुढे असतात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

देणगीतून दोन गोष्टी करायच्या आहेत : माइक असलेले हेडफोन घेणं आणि भाषाशिक्षकांचं प्रशिक्षण. ऐकणं, पाहणं, म्हणणं आणि हाताने गिरवणं एकत्र आणणारी ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धत 1930च्या दशकात अमेरिकेत आकाराला आली. परदेशी भाषेच्या वर्गात ती वापरायची, तर शिक्षकांनी आधी ती शिकायला हवी. चालू स्थितीतले जुने हेडफोनही चालतील.

रंगीत काचांचे चष्मे किंवा खास फाँटची पुस्तकं मात्र कृपया पाठवू नका. त्यांनी वाचन सुधारतं याला भक्कम पुरावा नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवल्याने काही मुलांना फायदा होतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

शाळेच्या कार्यालयात नाव, येत असलेली भाषा आणि देता येईल तो वेळ कळवा. कोणता धडा वाचायचा, ते आम्ही सांगू. देणगीची पावती तिथेच मिळेल. मुलांची नावं कुणालाही सांगितली जाणार नाहीत, तीही कृपया विचारू नयेत.