ओझोन सायलेन्सरमधून निघत नाही

संपादक महोदय,

गाड्यांच्या सम-विषम योजनेची चर्चा निघाली की मेक्सिको सिटीचा दाखला हमखास दिला जातो. तिथे १९८९पासून नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यानुसार बऱ्याच गाड्या आठवड्यातला एक दिवस घरी ठेवाव्या लागतात. पण त्या शहराचे जुने दुखणे, म्हणजे जमिनीलगतचा ओझोन, कोणत्याही सायलेन्सरमधून निघत नाही. तो हवेतच तयार होतो. नायट्रोजनची ऑक्साइडे, इंधन आणि थिनरच्या वाफा आणि कडक ऊन, एवढे त्याला पुरते.

हे शहर २,२४० मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे. अक्षांश जवळपास मुंबईचाच. शून्य सावलीचा दिवसही दोन्हीकडे मेच्या मध्यावरच. मात्र तिथे डोक्यावरची हवा विरळ, त्यामुळे अतिनील किरण कमी गाळले जातात. फेब्रुवारी ते मे आभाळ निरभ्र आणि वारा मंद असला की दुपारी ओझोन चढतो. जूनमध्ये पाऊस लागला की उतरतो. विरळ हवेचा दुसरा फटका जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना बसायचा. दर फेऱ्याला हवा कमी, पेट्रोल मात्र त्या मानाने जास्त, मग न जळलेले इंधन थेट बाहेर. फ्युएल इंजेक्शन आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आल्यावर हे बरेच सुधारले.

वाफा मात्र राहिल्या. १९९५मध्ये डोनाल्ड ब्लेक आणि शेरवुड रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी तिथल्या हवेचे नमुने तपासून दाखवले की, न जळलेला एलपीजी हे ओझोनचे मोठे कारण आहे. हा गॅस गच्चीवरच्या टाक्यांच्या सैल जोडांतून, गीझरच्या पायलट ज्योतीतून, सिलिंडर बदलताना निसटतो. एरवी कोण त्याला प्रदूषण म्हणतो! पेट्रोल पंपाचेही तेच: टाकीत ४० लिटर पेट्रोल भरले की जवळपास ४० लिटर वाफाळलेली हवा बाहेर ढकलली जाते. ती परत ओढणारी नळी नोझलला नसेल, तर सगळी उन्हात जाते.

आणि फक्त गाड्या थांबवून भागत नाही. गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोन खातोही. वाफा तेवढ्याच ठेवून तो घटवला, तर ओझोन हलत नाही, कधी वाढतोसुद्धा. २०२०च्या टाळेबंदीत वाहतूक ओसरली, तरी मेक्सिको सिटीचा ओझोन त्या प्रमाणात उतरला नाही, त्याचे एक कारण हेच.

म्हणूनच चौकातल्या मोजणी यंत्रावर ओझोन कमी दिसला तर हुरळून जाऊ नये. मेक्सिको सिटीत दिवसाचा वारा बहुधा उत्तरेकडून वाहतो आणि सर्वाधिक ओझोन दक्षिण-नैर्ऋत्येच्या झाडीदार, तुलनेने शांत वस्त्यांत सापडतो. मुंबई-पुण्यातही मोजणी वाऱ्याच्या पुढच्या टोकाला, शहराच्या कडेला व्हायला हवी. शिवाय चोवीस तासांच्या सरासरीत दुपारचा चढ बुडतो. आपल्या राष्ट्रीय मानकात ओझोनसाठी एका तासाची मर्यादा दर घनमीटरला १८० मायक्रोग्रॅम आणि आठ तासांची १०० आहे. वृत्तपत्रांनी निदान मार्च ते मे या काळात दुपारी १२ ते ५चे तासागणिक आकडे छापावेत.

– एक वाचक, पुणे