‘ओलाव्याचा स्रोत : पावसाळा’ असं लिहिणाऱ्या बुरशी तपासणी अहवालाबद्दल तक्रार

प्रति,
मुख्य व्यवस्थापक,
घरगुती बुरशी तपासणी विभाग,
ठाणे शाखा

विषय : ‘संपूर्ण घर’ पॅकेजखालील सदोष तपासणी, चुकीचा अहवाल आणि ग्राहक सेवेतली उत्तरं

महोदय,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी झालं ते शेवटचं बोलणं. यापुढे जे काही ते लेखी.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सदनिकेचा तुमचा अहवाल तेरा पानांचा आहे. त्यातली नऊ पानं बुरशी किती वाईट आणि तुमचं बुरशीनाशक धुराचं फॉगिंग किती चांगलं यातच संपतात. आमचा प्रश्न एकच होता आणि तो बुकिंगच्या वेळी लेखी दिला होता : मुख्य बेडरूमच्या छताजवळच्या कोपऱ्यात पाणी येतं ते वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून, की बाहेरच्या भिंतीच्या तड्यांतून? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, आणि सदनिकेतल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती त्या त्या सदस्याने. खर्च कोणाच्या माथी जाणार हे त्या एका उत्तरावर अवलंबून होतं. तुमचं उत्तर पान ११ वर आहे : ‘ओलाव्याचा स्रोत : पावसाळा.’

एवढं सांगायला पंप, कॅमेरा आणि दोन माणसं कशाला हवी होती? वॉचमनने फुकट सांगितलं असतं.

आता मोजणीकडे येते. हवेतले बीजाणू (बुरशीचे डोळ्यांना न दिसणारे बीजकण) पंपाने हवा ओढून मोजताना घरातल्या नमुन्यांबरोबर त्याच दिवशी, त्याच पंपाने, तेवढाच वेळ घराबाहेरचा नमुना घ्यायचा असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. घरातल्या हवेत किती बीजाणू चालतात याची सर्वमान्य मर्यादा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ओल आणि बुरशीबद्दल २००९ साली मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही असा आकडा दिलेला नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनेही हवेतल्या बुरशीसाठी मर्यादा ठरवलेली नाही. म्हणून तुलना हाच एकमेव आधार उरतो : आत काय आहे, बाहेर काय आहे, आणि आत असं काही आहे का जे बाहेर नाही. येऊरचं जंगल इतकं जवळ असताना पावसाळ्यात बाहेरच्या हवेत क्लॅडोस्पोरियम नावाच्या बुरशीचे आणि अळंब्यांचे बीजाणू भरपूर असणारच. तुमच्या अहवालात बाहेरचा नमुना नाही. तरीही मुख्य बेडरूमच्या ‘४६०’ (दर घनमीटर हवेत इतके बीजाणू) या आकड्यापुढे लाल रंग आणि ‘धोकादायक’ असा शिक्का आहे. कशाच्या तुलनेत धोकादायक?

बरं, तो नमुना तरी घरातल्या हवेचा आहे का? नमुना घेण्याआधी काही तास दारं-खिडक्या बंद ठेवायच्या असतात, पंखे बंद करायचे असतात आणि कॅसेट (पंपाला जोडलेली, बीजाणू पकडणारी चिकट पट्टीची डबी) श्वासाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण तीन ते पाच फुटांवर लावायची असते. बुकिंगनंतर आलेल्या मेसेजमध्ये यातलं काहीच नव्हतं, फक्त ‘कृपया पार्किंगची व्यवस्था करावी’ एवढंच होतं. बाल्कनीचा स्लायडिंग दरवाजा सताड उघडा आणि पंखा पाचवर असताना पंप चालवला गेला. म्हणजे बाहेरचा नमुना घेतलाच नाही असंही म्हणता येणार नाही. तो घेतला, फक्त आमच्या बेडरूमच्या नावावर.

त्यापुढचा घोटाळा गणिताचा आहे. तंत्रज्ञाने जागेवर भरलेल्या फॉर्मची प्रत माझ्याकडे आहे. त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलंय : मिनिटाला १५ लिटर, ५ मिनिटं. म्हणजे ७५ लिटर हवा. ७५ लिटरच्या नमुन्यात, तुमच्याच अहवालात म्हटल्याप्रमाणे ‘संपूर्ण पट्टी वाचली’ असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेला एक बीजाणू म्हणजे दर घनमीटरला, म्हणजे हजार लिटरला, १३.३. अहवालातले आकडे हॉल १००, स्वयंपाकघर २२०, मुख्य बेडरूम ४६० असे आहेत. भागाकार करून पाहा. हॉलमध्ये साडेसात बीजाणू, स्वयंपाकघरात साडेसोळा, बेडरूममध्ये साडेचौतीस. अर्धा बीजाणू तीनही खोल्यांत सापडला, ही नोंद एखाद्या शोधनिबंधात जायला हवी.

हेच आकडे १५० लिटर धरून केले की १५, ३३ आणि ६९ असे सुरेख पूर्णांक येतात. म्हणजे प्रयोगशाळेने पंप १० मिनिटं चालला असं गृहीत धरलं, आणि प्रत्यक्षात तो ५ मिनिटं चालला. तसं असेल तर तुमचे सगळे आकडे खऱ्याच्या निम्मे आहेत. कच्ची मोजणी अहवालात दिली असती तर हे शोधायला मला कॅल्क्युलेटर घेऊन बसावं लागलं नसतं. कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालात हवेचं आकारमान, कच्ची मोजणी आणि घनमीटरमागचा आकडा असे तीन रकाने असतात. तुमच्याकडे एकच आहे, आणि तो रंगीत.

दुसऱ्या बेडरूममध्ये पंपाची बॅटरी उतरली, म्हणून तिथे टेबलावर पेट्री डिश उघडी ठेवण्यात आली. उघड्या डिशवर जे आपोआप खाली बसतं तेच उगवतं. किती हवा तिच्यावरून गेली हे कोणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे तिचा निकाल घनमीटरमध्ये देताच येत नाही. तुम्ही दिलाय : ‘३२० सीएफयू (म्हणजे उगवलेल्या वसाहती) प्रति घनमीटर’. शिवाय बुरशीची डिश साधारण २५ अंशांवर पाच ते सात दिवस ठेवावी लागते. तुमचा अहवाल दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आला. एका रात्रीत एवढी वाढणारी बुरशी आमच्या घरात असती तर आम्ही तुम्हाला नाही, अग्निशमन दलाला बोलावलं असतं.

कपाटामागच्या काळ्या डागाचं तर काय सांगावं. डाग डोळ्यांना दिसत असेल तर हवेचा नमुना दुय्यम. पारदर्शक चिकटपट्टी डागावर दाबायची, काचपट्टीवर लावायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी नमुना हाच, आणि नेमका हाच घेतलेला नाही. नुसता फोटो काढून खाली ‘विषारी काळी बुरशी, स्टॅकीबॉट्रिस’ असं छापलं. काळी दिसणारी प्रत्येक बुरशी स्टॅकीबॉट्रिस नसते. क्लॅडोस्पोरियम, अल्टरनेरिया, अ‍ॅस्परजिलस नायजर ही सगळी मंडळी काळीच दिसतात. स्टॅकीबॉट्रिसला सतत चिंब भिजलेला कागद किंवा जिप्सम बोर्डासारखा पदार्थ लागतो. आमच्या त्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर आणि पुट्टी आहे. तिथे काय आहे हे फोटोवरून मलाही सांगता येणार नाही. फरक एवढाच की मी तसा शिक्का मारून दिलेला नाही. त्याच पानावर हवेच्या कॅसेटमधून ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ ओळखल्याचा दावा आहे. कॅसेटमधल्या सुट्या बीजाणूंवरून अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम हेसुद्धा एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत, मग प्रजातीचं नाव कुठून आलं?

थर्मल कॅमेऱ्याचा निळा डाग तुम्ही ‘सक्रिय बुरशी’ म्हणून दाखवलाय. कॅमेऱ्याला बुरशी दिसत नाही आणि पाणीही दिसत नाही, फक्त पृष्ठभागाचं तापमान दिसतं. तो निळा पट्टा एसीच्या बरोबर खाली आहे आणि एसी तेव्हा चालू होता. थंड हवेने भिंत थंड झाली, बस. कॅमेऱ्याने जागा दाखवायची आणि ओलावा मापकाने खात्री करायची, हा क्रम. मापकाचा तुमच्या अहवालात एकच आकडा आहे, ‘३२ टक्के’, आणि तो लाकडासाठीच्या मोजपट्टीवरचा. सिमेंटच्या प्लास्टरवर तो आकडा फक्त तुलनेसाठी वापरता येतो, म्हणून आधी एखाद्या कोरड्या भिंतीवर मोजायचं, मग ओल्या भिंतीवर छतापासून खाली फुटाफुटावर. लोणा लागलेल्या, म्हणजे भिंतीतून क्षार बाहेर आलेल्या जागी त्या क्षारांमुळे तो उगाच वाढतो, हे वेगळंच. पांढरी पूड क्षारांची की बुरशीची हे पाण्याच्या एका थेंबाने कळतं : क्षार विरघळतात, बुरशी नाही.

खोलीतलं तापमान आणि आर्द्रता तर अहवालात नाहीच. २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे २५ अंशांवर येतो. एसीच्या खोलीची पाठ लागलेली पॅसेजमधली भिंत त्याहून थंड झाली की तिला घाम फुटणारच. ती ओल गळतीची नाही. हे दोन्ही वेगळं करणं हेच तर तपासणीचं काम.

आता आजचा फोन. आधी प्रतिनिधी होते. बाहेरचा नमुना का घेतला नाही असं विचारल्यावर म्हणाले, “मॅडम, तक्रार घरातली आहे ना तुमची? मग बाहेरचा नमुना कशाला?” मी तुलनेचं सांगितलं. त्यांनी होल्डवर टाकलं. होल्डवर सनईबरोबर मधेमधे तुमच्याच फॉगिंगची जाहिरात वाजत होती. मग वरिष्ठ आले. “मॅडम, पाऊस होता, पंप भिजला असता.” जोराच्या पावसात बाहेरचा नमुना घेऊ नये हे खरंच आहे, कारण आकडे बिघडतात. म्हणून पाऊस उघडेपर्यंत थांबायचं किंवा दुसरा दिवस द्यायचा. मी हे सांगितलं तर म्हणाले, “तुम्ही गुगल वाचून बोलताय.” १५० लिटरचं विचारलं. “रिपोर्ट सिस्टीममधून जनरेट होतो, त्यात चूक होऊच शकत नाही.” मग त्यांनीच प्रश्न टाकला : “घरात कपडे वाळत घालता का?” हो म्हटलं. ऑगस्टमध्ये ठाण्यात ते कुठे वाळत घालायचे असतात हे त्यांनी सांगितलं नाही. “झालं तर मग, तेच कारण!” कपड्यांच्या दमटपणाने येणारी बुरशी थंड भिंतींवर, कपाटामागे पसरट येते. छताच्या एकाच कोपऱ्यात पिवळट-तपकिरी कडेचा डाग आणि खाली फुगलेले पोपडे हे वाहून आलेल्या पाण्याचं लक्षण. हे सांगून व्हायच्या आत ते म्हणाले :

“मॅडम, तुम्ही टेन्शन नका घेऊ. फॉगिंग करून घ्या, पुढचा रिपोर्ट निगेटिव्ह देतो तुम्हाला.”

मी विचारलं, निगेटिव्ह म्हणजे किती? “निगेटिव्ह म्हणजे झिरो.”

तपासणी करणाऱ्या कंपनीचा वरिष्ठ अधिकारी नमुना घेण्याआधीच निकाल सांगतो, आणि तोही तपासणीच्या चौपट दराचं कोटेशन पुढे करून. कमाल म्हणजे हे खोटं आश्वासनसुद्धा नीट खोटं नाही. फॉगिंगने मेलेले बीजाणूही कॅसेटमध्ये मोजले जातात, कारण जिवंत-मेलेलं हे सूक्ष्मदर्शकाला कळत नाही. खिडकी एकदा उघडली की बाहेरचे आत येतात. ठाण्यात, पावसाळ्यात, झिरो! आणि भिंत ओली राहिली तर बुरशी पुन्हा येणारच, फॉगिंग करा नाहीतर वर बुरशीरोधक रंग फासा.

करायला काय हवं होतं? वरच्या बाथरूमचा न्हाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी वाहून जायचं तोंड) बंद करून रंगीत पाणी साठवायचं, २४ ते ४८ तास ठेवायचं, आणि खालच्या कोपऱ्यात आधी व नंतर मापकाने नोंद घ्यायची. वरच्या सदस्यांची याला तयारी होती आणि तुमच्या माणसांना ते माहीत होतं. तिथे काही निघालं नाही तर कोरड्या दिवशी बाहेरच्या भिंतीवर खालून वर, एकेका पट्ट्यावर पाणी मारून पाहायचं. यात ना पंप लागतो ना प्रयोगशाळा. म्हणूनच बहुधा तुमच्या दरपत्रकात हे नाही.

अहवालाच्या तळाशी एनएबीएलचं (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं) चिन्ह आहे, पण मान्यताप्राप्त चाचणीच्या अहवालावर असतो तो यूएलआर क्रमांक (त्या अहवालाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) कुठेही नाही. या चाचण्या तुमच्या प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या व्याप्तीत आहेत का, हे लेखी कळवा. तसंच कच्ची मोजणी, पंपाच्या प्रवाहाच्या कॅलिब्रेशनची नोंद आणि पेट्री डिश कधी ठेवली, कधी वाचली याची नोंद पाठवा. त्यानंतर एकतर बाहेरच्या नमुन्यासह आणि पाणी साठवून केलेल्या चाचणीसह तपासणी विनाशुल्क पुन्हा करा, नाहीतर पूर्ण रक्कम परत करा. बाहेरच्या नमुन्याचं मी पुन्हा पुन्हा लिहितेय याची मला जाणीव आहे. फोनवर तीनदा सांगून कळलं नाही म्हणून.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्ही मुद्द्यांवर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे शुल्क लागत नाही, त्यामुळे मला ते महाग पडणार नाही. तंत्रज्ञाने भरलेला फॉर्म आणि तुमचा अहवाल शेजारी शेजारी ठेवले की पुरेसं आहे.

त्या तंत्रज्ञावर कारवाई करू नका. जे मोजलं तेच त्याने लिहिलं, तुमच्या संपूर्ण कारभारात खरा कागद तेवढाच आहे.

आपली,
एक सदनिकाधारक, घोडबंदर रोड, ठाणे (प.)

ता. क. : पुन्हा येणार असाल तर भिंत खरवडायच्या आधी या, चिकटपट्टीचा नमुना नंतर घेता येणार नाही. बॅटरी चार्ज करून आणा. आणि पंप भिजण्याची फारच काळजी असेल तर खाली स्टिल्ट पार्किंग आहे, त्याच्या कडेला पाऊस लागत नाही.