हिरवा दिवा लागल्यावरही न निघालेल्या भाऊंना

सप्रेम नमस्कार भाऊ,

तुमचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही. जळगावात, मे महिन्यात, भर दुपारी ज्या घरात तुम्ही फायबरचं इंटरनेट जोडायला आलात आणि पंखा बंद करायला सांगितलात, त्या घरची मी ताई. एवढ्या खुणेवरून ओळखालच.

पंखा बंद म्हटल्यावर सासूबाईंनी तुमच्याकडे असं काही पाहिलं की मला वाटलं, आता तुमचं पाणीसुद्धा बंद होणार. पण स्प्लायसिंगच्या, म्हणजे काचेच्या तारा वितळवून जोडायच्या, वेळी वारा आणि धूळ दोन्ही नकोत, हे तुम्ही त्यांना शांतपणे समजावून सांगितलंत. काळी केबल सोलून आतली काच बाहेर काढलीत तेव्हा त्या चष्मा लावून जवळच येऊन बसल्या. ‘हाई काय शे, भाऊ?’ अमळनेरची बाई, कुतूहल वाटलं की अहिराणीत येते. १२५ मायक्रॉन जाडीची काच, आणि प्रकाश जातो तो त्याच्याही पोटातल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून, हे तुम्ही त्यांना सांगितलंत. त्यांना मायक्रॉन कळला नसेल, पण मान अशी डोलावली की जणू घरात देवच बसवताय.

क्लीव्हरने, म्हणजे काच कापायच्या हत्याराने, टोक कापलं की केसासारखा एक तुकडा उरायचा. तो तुम्ही एकदाही खाली टाकला नाहीत. चिकटपट्टीचा एक तुकडा गुडघ्यावर उलटा लावून ठेवला होता, प्रत्येक तुकडा त्यावर चिकटवायचा. आमचं धाकटं रांगतंय, हे घरात पाऊल टाकतानाच तुमच्या लक्षात आलं असणार. फरशीवर पडलेली ती काच दिसली नसती, थेट तळहातात किंवा गुडघ्यात शिरली असती. शेवटी पट्टीची घडी करून ती डबीत घातलीत आणि सोबत घेऊन गेलात. मला वाटतं, हे पत्र मुळात त्या चिकटपट्टीसाठीच आहे.

पण रीडिंगचं सांगायलाच हवं. जोडणी झाली, ओएनटीवरचा, म्हणजे प्रकाशातून इंटरनेट काढणाऱ्या घरातल्या डब्यावरचा, हिरवा दिवा लागला, मोबाईलवर स्पीडही भरपूर दिसला. मी सही करायला पेन हातात घेतलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘ताई, थांबा, पॉवर कमी येतेय.’ प्रकाश मोजायच्या मीटरवर उणे २६ डीबीएम होतं. साधारण उणे २७ च्या खाली गेलं की आमच्यासारख्या जोडणीत ओएनटीला प्रकाश नीट वाचता येत नाही, म्हणजे आम्ही अगदी काठावर होतो. आज चाललं असतं. उद्या कुठे केबल थोडी दाबली गेली की एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा, मग तक्रार नोंदवा, मग वाट बघा.

हे दुखणं आम्ही आधी भोगलंय. पूर्वीच्या जोडणीची वायर गच्चीवरून लोंबत यायची. संक्रांतीच्या मांजाने ती तुटायची, आणि दुरुस्तीला येणारा माणूस गाठ मारून, ‘झालं चालू’ म्हणत जिना उतरायचा. मी घरी बसून रावेर-सावद्याकडच्या केळीच्या व्यापाऱ्यांचे हिशोब बघते. २० तारखेला जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं आणि मोबाईलचा हॉटस्पॉट हातात धरून खिडकीत उभं राहायचं, ही माझी तेव्हाची नोकरी.

तुम्ही मात्र भर उन्हात पुन्हा जिन्यात गेलात. केबल ज्यातून जातात त्या डक्टचं झाकण उघडू द्यायला सेक्रेटरी काका तयार नव्हते. दुपारची झोप मोडलेला माणूस, त्याचं काय चुकलं म्हणा. त्यांच्याशी तुम्ही काय बोललात कोण जाणे, पाच मिनिटांत तेच बॅटरी धरून उभे होते. दुसऱ्या मजल्यावरच्या वळणात केबल झाकणाखाली चेपून काटकोनात मुडपली होती. अशा मुडपीतून प्रकाश बाहेर गळतो. ती मोकळी करून गोलाकार वळवलीत आणि मीटर उणे २० वर आला. आकडा सहानेच बदलला, पण या मापात दर ३ डीबीला प्रकाश दुप्पट होतो, म्हणजे चौपट प्रकाश घरात आला. तो आकडा तुम्ही पेनाने ओएनटीच्या मागे लिहून ठेवलात. अजून तिथेच आहे.

वायफायचंही तसंच. घरच्यांना तो डबा टीव्हीच्या कपाटात लपवायचा होता. तुम्ही पॅसेजमध्ये, उंचावर लावलात. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असतो, पण भिंत आली की दमतो, २.४ हळू, पण लांब पोचतो. माझ्या कॉम्प्युटरला तर वायफायच्या नादी लागू नका म्हणत सरळ लॅन केबल टाकून दिलीत. वाटेतल्या स्प्लिटरला, म्हणजे एका तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या भागाला, वीज लागत नाही, तेव्हा लाईट गेली तर घरातल्या डब्यापुरती सोय बघा, हा सल्लाही तुमचाच. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणलाय. परवा वादळात सगळी कॉलनी अंधारात होती आणि मी रिटर्न भरत होते.

जाताना चहा-पाण्याचे म्हणून पैसे पुढे केले, ते तुम्ही घेतले नाहीत. तुमच्या कार्यालयाला या पत्राची प्रत पाठवली आहे. निदान तिथे कोणीतरी वाचेल. आणि थंडीत बामणोदची वांगी बाजारात आली की भरीत आणि कळण्याची भाकरी खायला यायचं. हे आमंत्रण सासूबाईंचं आहे, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही.

एक काम मात्र आहे. खालच्या मजल्यावरच्या काकांनाही जोडणी घ्यायची आहे आणि ओएनटी देवघराच्या कपाटातच ठेवायचा म्हणून ते हटून बसलेत. माझं ऐकत नाहीत. तुम्हीच या.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई