पोमोनाच्या स्पीड शॉपमधील काकांस

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

ज्या स्पीड शॉपच्या, म्हणजे गाड्या वेगवान करणारे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या, मागच्या खोलीत तुम्ही उभी हयात इंजिने बांधण्यात घालवली, ते दुकान यंदा बंद झाले. निरोपाच्या दिवशी मी आभाराचे चार शब्द बोलू लागताच तुम्ही नेहमीप्रमाणे विषय बदलून माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी सुरू केलीत. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि तेही सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. कारण आपल्या महाराष्ट्र मंडळातील बहुतेक मंडळी तुम्हाला गणेशोत्सवाच्या मखराची जबाबदारी घेणारे कोल्हापूरचे काका एवढेच समजतात. कॅलिफोर्नियातील पोमोनाच्या मोटार शर्यतींच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या पोटात तुमच्या हातचे काम आहे, हे त्यांनाही कळायला हवे.

या जगाशी परिचय नसलेल्यांसाठी थोडे सविस्तर लिहितो. फोर्डने १९३२ साली सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरचे व्ही-एट इंजिन बसवले. ते २२१ क्यूबिक इंचांचे आणि ६५ अश्वशक्तीचे होते. अशा जुन्या गाड्या स्वस्तात घ्यायच्या, मडगार्ड आणि जास्तीचा पत्रा उतरवायचा, इंजिनातून मूळ कारखान्याने दिली त्याहून अधिक ताकद काढायची आणि म्युरॉक किंवा एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर ती गाडी पळवायची, हा दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांचा ध्यास होता. त्यातूनच हॉट रॉड जन्माला आली. महायुद्ध संपल्यावर लष्करात राहून आलेली मुले पुन्हा या नादाला लागली आणि त्यांना लागणारा माल पुरवणारी दुकाने वाढली. ॲलेक्स झिडियस यांनी १९४६ साली बरबँकमध्ये सो-कॅल स्पीड शॉप काढले. व्हिक एडेलब्रॉक यांचे इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांपर्यंत हवा आणि इंधन नेणारी नळ्यांची जोडणी) आणि एड इस्केंडेरियन यांचे कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा) यांनी तर देशभर नाव कमावले. समोर काउंटर, मागे मशीन शॉप आणि दोहोंच्या मध्ये गप्पा मारत उभी असलेली माणसे, अशी ही दुकाने. हा सारा इतिहास मला तुम्ही सिलिंडर घासणाऱ्या होनिंग मशीनच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलात, आणि तोही आपल्या मराठीत.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या हाताखाली लेथ आणि क्रँक ग्राइंडिंग (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा घासून मापात आणणे) शिकलेला माणूस या दुकानात कसा रुजला, याचे मला सुरुवातीला फार नवल वाटे. पुढे ते वाटेनासे झाले. ऑइल इंजिनाचा क्रँक काय आणि शेव्हर्लेच्या स्मॉल ब्लॉक इंजिनाचा क्रँक काय, मायक्रोमीटर दोघांनाही तोच लागतो. मी सांगलीहून येथे मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पुढील शिक्षणासाठी आलो, तेव्हा गणिते सोडवण्यात पटाईत होतो, पण उघडलेले इंजिन जवळून पाहिलेले नव्हते. १९७० ची एक थकलेली शेव्हर्ले नोव्हा मी विकत घेतली होती. तिचे ३५० क्यूबिक इंचांचे इंजिन उतरवायला तुम्ही दुकानाचा कोपरा दिलात, अवजारे दिलीत आणि मालकांना सांगितलेत, “हा माझा मुलगा समजा.” त्या मालकांचेही माझ्यावर ऋण आहे. परदेशातून आलेल्या, नीट इंग्रजी बोलतानाही अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांनी काउंटरच्या आतल्या बाजूला घेतले.

तुम्ही मला सर्वांत आधी मोजायला शिकवलेत. मेन बेअरिंग बसवताना जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर, प्लॅस्टिगेजचा मेणासारखा बारीक धागा आडवा ठेवायचा, कॅप टॉर्क रेंचने ठरल्या मापाला आवळायची, मधल्या काळात क्रँक अजिबात फिरू द्यायचा नाही, मग कॅप काढून त्या चेपलेल्या धाग्याची रुंदी पाकिटावर छापलेल्या पट्टीशी ताडून पाहायची. जर्नलच्या व्यासाच्या दर इंचामागे साधारण एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, फट, हा तुमचा ठोकताळा. म्हणजे अडीच इंचांच्या आसपासच्या जर्नलला अडीच थाऊपर्यंत. कॅमशाफ्ट बसवताना तर तुम्ही अधिकच काटेकोर होत असा. क्रँकच्या तोंडावर अंशांची तबकडी, दर्शक म्हणून वाकवलेली तार, पिस्टन अडवणारा स्टॉप. क्रँक एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने अडेपर्यंत फिरवून दोन आकड्यांचा मध्य काढायचा, तेव्हा कुठे पिस्टनचे खरे वरचे टोक हाती लागे. मग लिफ्टरवर डायल गेज लावून व्हॉल्व्ह नेमका केव्हा उघडतो ते पाहायचे. कॅमसोबत आलेल्या कार्डावर हे सगळे आकडे छापलेले असत, तरी तुम्ही म्हणायचात, “छापलंय ते कंपनीचं, मोजलंय तेवढंच आपलं.” एक-आठ-चार-तीन-सहा-पाच-सात-दोन हा इग्निशनचा क्रम तुम्ही माझ्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतलात, तो आजही झोपेतून उठवले तरी म्हणता येतो. आज मी ज्या कंपनीत इंजिनांच्या चाचण्या घेतो, तेथे माझ्या अहवालांवर विश्वास ठेवला जातो, त्याचे श्रेय मी पदवीपेक्षा त्या मागच्या खोलीला देतो.

ड्रॅग रेसिंग म्हणजे नुसता आवाज, धूर आणि पैशांचा खेळ, असा पुष्कळांचा समज असतो. पाव मैल म्हणजे १३२० फूट सरळ रस्ता, दोन गाड्या, मधल्या खांबावरचे पिवळे आणि हिरवे दिवे. वरवर पाहता एवढेच. परंतु तुम्ही मला ब्रॅकेट रेसिंगमध्ये उतरवलेत आणि त्यातील न्याय दाखवलात. प्रत्येकाने आपली गाडी किती सेकंदांत अंतर कापेल तो आकडा आधी काचेवर लिहून जाहीर करायचा. माझी नोव्हा १३.८० सेकंदांची आणि शेजारची महागडी गाडी ११.२० ची असेल, तर मला २.६० सेकंद आधी हिरवा दिवा मिळणार. जाहीर केलेल्या आकड्याहून कमी वेळात पोहोचलात तर सामान्यतः शर्यत हरलात, त्यामुळे आकडा मुद्दाम फुगवून सांगण्यात अर्थ नाही. तिथे विद्यार्थ्याची जुनी गाडीसुद्धा श्रीमंताच्या गाडीला हरवू शकते, कारण कस लागतो तो सातत्याचा आणि दिव्यावरच्या नजरेचा. माझ्या मते मोटार शर्यतींच्या जगात इतकी समतेची दुसरी पद्धत क्वचितच असेल.

त्या सातत्यासाठीच तुमच्या वह्या होत्या. तापमान, आर्द्रता, हवेचा दाब, टायरमधील हवा, कार्ब्युरेटरच्या जेटचे नंबर, इग्निशनचे ॲडव्हान्स ३४ अंश ठेवले की ३६, पहिल्या ६० फुटांना लागलेला वेळ. प्रत्येक धावेनंतर मिळणारी टाइम स्लिप (वेळेची नोंद छापलेली चिठ्ठी) चिकटवून तिच्याशेजारी हे सारे तुमच्या वळणदार देवनागरी अक्षरात लिहिलेले. दुपारच्या उन्हात हवा विरळ झाली की गाडी किती मंदावेल, हे तुम्ही जुनी पाने उलटून सांगायचात आणि आम्ही त्यावरून काचेवरचा आकडा बदलायचो.

रस्त्यावर शर्यत लावणाऱ्यांना मात्र तुम्ही दुकानात थारा दिला नाहीत. या खेळाची घडणच त्या चिंतेतून झाली, हे तुम्ही प्रत्येक नव्या मुलाला सांगत असा. वॉली पार्क्स यांनी १९५१ साली एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही संघटना स्थापन केली ती तरुणांना रस्त्यावरून सुरक्षित धावपट्टीवर आणण्यासाठी, आणि तिची पहिली अधिकृत शर्यत १९५३ च्या एप्रिलमध्ये आपल्या याच पोमोनाच्या जत्रा मैदानाच्या पार्किंगमध्ये झाली. सुरक्षेबद्दल बोलताना तुम्ही ड्रॅग रेसिंगमधील नामवंत चालक डॉन गार्लिट्स यांची हकीकत सांगायचात. मार्च १९७० मध्ये विल्मिंग्टनच्या लायन्स धावपट्टीवर ट्रान्समिशन फुटून त्यांच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. तेव्हा ड्रॅगस्टरमध्ये, म्हणजे याच शर्यतीसाठी बांधलेल्या लांबट गाडीत, इंजिन चालकाच्या पुढ्यात असे. त्यांनी इंजिन पाठीमागे असलेली गाडी बांधली आणि १९७१ साली पोमोनाची विंटरनॅशनल्स ही मोठी शर्यत जिंकली. त्या दिवशी तुम्ही प्रेक्षकांत होतात, आणि त्यानंतर काही वर्षांतच इंजिन पुढे असलेले टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान वर्गातले ड्रॅगस्टर जवळजवळ दिसेनासे झाले, हे सांगताना तुमच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटे ते मी अनेकदा पाहिले आहे.

लायन्सची धावपट्टी १९७२ च्या डिसेंबरात बंद झाली. अर्विंडेलची पाव मैलाची जुनी पट्टीही त्याच दशकात गेली, पुढे तेथे उभी राहिलेली एक अष्टमांश मैलाची पट्टी २०२४ च्या अखेरीस संपली. जमिनीचे भाव आणि शेजाऱ्यांच्या आवाजाविषयीच्या तक्रारी मला समजतात, तरीही एकेक पट्टी बंद होते तेव्हा रस्त्यावर शर्यत लावणाऱ्या मुलाला “इकडे ये” असे सांगण्याची एक जागा कमी होते, असे मला मनापासून वाटते. तुम्ही अशा कितीतरी मुलांना स्वतःच्या गाडीत बसवून पट्टीवर नेलेत, त्यांच्या प्रवेशशुल्काचे पैसे भरलेत, हेल्मेट दिलेत. त्यांच्या वतीनेही आभार मानण्याचा अधिकार मी येथे घेत आहे.

काकूंचे नाव न घेता हे पत्र पुरे होणार नाही. शनिवारी पहाटे निघताना त्या थालीपिठांचा डबा नेहमी दोन माणसांना पुरून उरेल इतका भरायच्या, आणि पिटमध्ये (धावपट्टीजवळ गाड्या तयार करण्याच्या जागेत) शेजारी उभ्या राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांना लसणाची चटणी आवडू लागली ती त्यांच्यामुळेच. तेलाने माखलेले माझे कपडे त्यांनी आपल्या घरी कितीदा धुऊन दिले, याची त्यांनी कधी वाच्यताही केली नाही.

आता एक विनंती. तुमच्या वह्यांची पाने पिवळी पडू लागली आहेत आणि दुकानातील सामानाबरोबर त्या तुम्ही गॅरेजमध्ये ठेवल्या आहेत, असे काकूंकडून कळले. येत्या सुट्टीत मी येऊन पान न पान स्कॅन करीन. तुमची परवानगी असेल तर आकड्यांचे इंग्रजी टिपणही तयार करतो, म्हणजे मी दर शनिवारी ज्या शाळकरी मुलांना इंजिन उघडून दाखवतो, त्यांना ते वापरता येईल. त्यांना तुम्हाला भेटायचे आहे. नोव्हेंबरमध्ये पोमोनाला हंगामाची अखेरची शर्यत आहे. तुमची आणि काकूंची तिकिटे मी काढून ठेवली आहेत. सकाळी सातला गाडी घेऊन दाराशी येतो. डायल गेज बरोबर घ्यावे, कारण मुलांनी एक कॅम बसवून ठेवला आहे आणि तो तुम्ही तपासल्याशिवाय ते इंजिन सुरू करायचे नाही असे आम्ही ठरवले आहे.

आपला कृतज्ञ,
सांगलीचा विद्यार्थी