घरच्या अ‍ॅक्वापोनिक्समध्ये सामू पाडण्याची घाई नको

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत गच्चीवर आणि गॅलरीत मासे व भाजीपाला एकत्र वाढवण्याच्या अ‍ॅक्वापोनिक्स पद्धतीवर आलेला लेख मी आवडीने वाचला. मुंबईत जिथे तुळशीच्या कुंडीलाही जागा शोधावी लागते, तिथे माशांच्या टाकीतले पाणी खडीच्या वाफ्यातून फिरवून त्यावर मेथी-पालक घेता येतो, हे लोकांपर्यंत पोहोचते आहे याचे समाधान वाटले. मात्र पाण्याच्या सामूविषयी, म्हणजे ज्याला आपण सर्रास पीएच म्हणतो त्याविषयी, ‘तो सातच्या आसपास ठेवावा’ एवढे एकच वाक्य त्या लेखात होते. वाक्य चुकीचे नाही. पण नवा संच लावताना मी नेमके तेच वाक्य शब्दशः पाळायला गेलो आणि त्यात माझे तीन मासे मेले, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

नोकरीची बरीच वर्षे मी कापड गिरणीच्या रंगखात्यात काढली. पाणी जड आले की रंग सारखा बसत नाही, हे तिथे रोज पाहिले होते, त्यामुळे पाणी तपासणे मला नवे नव्हते. गेल्या वर्षी जानेवारीत घाटकोपरच्या घरी गॅलरीत 200 लिटरचे निळे पिंप आणून त्यात 150 लिटर पाणी भरले, वर खडीचा उथळ वाफा बसवला, लहान पंप आणि हवेचा पंप लावला आणि सहा गोल्डफिश सोडले. वाफ्यासाठी दुकानदाराने पांढऱ्याशुभ्र चिप्स दिल्या होत्या. चौथ्या दिवशी सामू 8.2 निघाला. त्याच दुकानातून सामू उतरवण्याची आम्लाची बाटली आणली आणि सांगितलेल्या मापाने ओतली. संध्याकाळी सामू 6.9 होता, सकाळी पुन्हा 8. मी परत ओतले, तो परत चढला. तिसऱ्या दिवशी पहाटे तीन मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करत होते आणि दुपारपर्यंत ते गेले.

नंतर शांतपणे विचार केल्यावर कारण लक्षात आले. त्या चिप्स संगमरवराच्या होत्या. एक चिप धुऊन, कोरडी करून स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचे चार थेंब तिच्यावर टाकले, तेव्हा थेंबाच्या कडेने बारीक बुडबुड्यांची रांग उठली आणि कान जवळ नेला तर किंचित चरचरही ऐकू आली. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल ओतले की ते पाण्यातल्या बायकार्बोनेटशी आणि दगडाशी झगडून संपते, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, हवेच्या पंपाने तो रात्रभरात उडून जातो आणि सामू होता तिथे परत येतो. सामूचे माप दसपटीचे आहे, त्यामुळे 8 वरून 7 वर येणे म्हणजे आम्लता दहापट वाढणे होय, आणि असे एका दिवसात खाली-वर हेलकावे खाणे कोणत्याही माशाला सोसणारे नाही.

यात अमोनियाचा भाग अधिक घातक आहे. नव्या टाकीत माशांच्या उत्सर्जनातला अमोनिया खाणारे जिवाणू अजून वसलेले नसतात, त्यामुळे तो साचत जातो. हा अमोनिया दोन रूपांत असतो, एक तुलनेने निरुपद्रवी आणि दुसरे माशांना विषारी, आणि कोणते रूप किती हे सामूवर व तापमानावर ठरते. पाणी 28 अंशांवर असताना सामू 7 असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी असतो, तर सामू 8 असेल तर तोच भाग सहा-साडेसहा टक्के होतो. म्हणजे रात्री सामू परत चढतो तेव्हा संध्याकाळी सुसह्य असलेला अमोनिया पहाटेपर्यंत विष होतो. अशा वेळी खाद्य अगदी कमी करावे किंवा दोन दिवस बंदच ठेवावे, टाकीतले पाव पाणी बदलावे आणि अमोनिया रोज मोजावा. बाटलीला हात लावू नये. शिवाय ज्या जिवाणूंची आपण वाट पाहत असतो, ते 7.5 ते 8 च्या पाण्यात अधिक जोमाने वाढतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यांत सामू थोडा चढा असणे त्यांच्या सोयीचेच असते.

मी संगमरवर काढून टाकला आणि खाणीची काळी खडी चार वेळा धुऊन घातली. आपल्याकडची काळी खडी बसाल्टची असते आणि ती सहसा पाण्यात काही मिसळत नाही, तरी आपल्या सह्याद्रीच्या बसाल्टच्या पोकळ्यांत कधीकधी कॅल्साइटचे पांढरे ठिपके असतात, म्हणून मूठभर खडी घेऊन व्हिनेगरची परीक्षा तिचीही करावी. नळाचे पाणी थेट ओतू नये, कारण त्यात निर्जंतुकीकरणाचा क्लोरीन असतो आणि तो जिवाणूंना व माशांना सारखाच मारक आहे. बादलीत हवेचा पंप सोडून ते पाणी 24 तास ठेवावे आणि सामूही त्यानंतरच मोजावा, कारण नळातून नुकत्याच आलेल्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड खरा सामू लपवतो.

मुंबईच्या पाण्याचा विचार इथे केलाच पाहिजे. तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा हे आपले सात तलाव पावसाने भरतात, त्यामुळे त्यांचे पाणी बोअरवेलच्या पाण्यापेक्षा सौम्य असते. पण उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आला किंवा बोअरचे पाणी त्यात मिसळले, तर एका आठवड्यात पाण्याचा स्वभाव पालटतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 6.5 ते 8.5 हा सगळा पल्ला योग्य मानला आहे, म्हणजे पाणी पिण्यास उत्तम असूनही वाफ्याला गैरसोयीचे असू शकते. म्हणून सामूबरोबर पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, मोजण्याचे थेंबांचे किट घ्यावे. मत्स्यालयाच्या दुकानात ते ‘केएच’ या नावाने मिळते. माझ्या मते सामूच्या मापकाआधी हेच विकत घ्यावे.

कारण संच जुना होऊ लागला की गाडी नेमकी उलट दिशेने जाते. माझ्याकडे सहाव्या आठवड्याच्या सुमारास अमोनिया आणि नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून आधी बनवतात तो, माशांना घातकच असलेला पदार्थ) दोन्ही शून्यावर आले, त्यापुढचे, झाडांना खाद्य होणारे नायट्रेट दिसू लागले आणि कोणतीही बाटली न ओतता सामू आपणहून उतरू लागला. अमोनियाचे नायट्रेट करताना जिवाणू आम्ल तयार करतात, आणि एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनामागे, म्हणजे अमोनियातल्या नायट्रोजनामागे, सुमारे 7 ग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. माझ्या 150 लिटर पाण्यात लिटरमागे 60 मिलिग्रॅम अल्कलिनिटी होती, म्हणजे एकूण फक्त 9 ग्रॅम. रोज 3 ग्रॅम खाद्य दिले की त्यातून साधारण 0.09 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन सुटते आणि रोज सुमारे 0.65 ग्रॅम अल्कलिनिटी जाते. हा हिशेब ढोबळ आहे, झाडे नायट्रेट घेताना त्यातली काही परत करतात, तरी दोन-तीन आठवड्यांत गंगाजळी तळाला लागते, आणि मग सामू हळूहळू उतरत नाही, तो कोसळतो. 6 च्या खाली जिवाणूंचे काम जवळपास थांबते आणि अमोनिया पुन्हा साचू लागतो.

जुलैत आठ दिवस झड लागली आणि तिरप्या पावसाचे पाणी पिंपात पडत राहिले, तेव्हा मला हे प्रत्यक्ष दिसले. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी जवळजवळ नसतेच. सामू 6.1 वर आला होता. तेव्हा स्वच्छ धुतलेल्या शिंपल्यांची जाळीदार पिशवी पंपाच्या पाण्याच्या धारेखाली टांगली. शिंपले म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेटच, जानेवारीत ज्याने घात केला तेच, फरक एवढाच की पिशवी हवी तेव्हा उचलून बाजूला ठेवता येते. त्याखेरीज पोटॅशियम बायकार्बोनेट आणि विझवलेला चुना आलटून-पालटून वापरावेत, कारण पोटॅशियम आणि कॅल्शियम दोन्ही झाडांना लागतात आणि माशांच्या खाद्यातून पुरेसे मिळत नाहीत. चुना अगदी चिमूटभर, आधी बादलीत कालवून, आणि दिवसाला सामू 0.2 हून अधिक हलणार नाही अशा बेताने द्यावा. खाण्याचा सोडा मात्र नेहमीसाठी घालू नये, त्यातले सोडियम साचत जाते आणि झाडांची मुळे ते सहन करत नाहीत.

मग सात हा आकडा कशासाठी, तर तो तडजोडीचा आहे. जिवाणूंना त्याहून वरचा आवडतो, भाज्यांना 6 ते 6.5 मानवतो, मासे दोन्हीकडे निभावून नेतात. सामू 7.5 च्या वर रेंगाळला तर लोह पाण्यात असूनही मुळांना मिळत नाही. माझ्या मेथीची कोवळी पाने पिवळी पडली होती आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, जुनी पाने मात्र धडधाकट. ही लोहाच्या कमतरतेची नेमकी खूण आहे. कृषी सेवा केंद्रातले ईडीटीए प्रकारचे चिलेटेड लोह (म्हणजे पाण्यात विरघळलेले राहावे म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेले लोह) साडेसहाच्या वरच्या सामूला फारसे टिकत नाही, म्हणून नव्या संचात डीटीपीए प्रकारचे मागून घ्यावे. पंधरा दिवसांत नवी पाने हिरवी फुटली.

माझी विनंती विक्रेत्यांना आणि आपल्यालाही आहे. संचाबरोबर दिलेला दगड व्हिनेगरने फसफसतो की नाही हे पाकिटावर ठळक छापावे, आणि सामू उतरवण्याच्या बाटलीवर ‘आधी दगड आणि अल्कलिनिटी तपासा’ ही सूचना मराठीत द्यावी. आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख येईल तेव्हा पहिल्या सहा आठवड्यांचे वेळापत्रक त्यात असावे: मासे मोजके, खाद्य चिमूटभर, अमोनिया व नायट्राइट एक दिवसाआड, सामू आणि अल्कलिनिटी आठवड्यातून दोनदा. उरलेले तीन गोल्डफिश आजही माझ्या पिंपात आहेत आणि सामू 6.9 आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, घाटकोपर (पूर्व), मुंबई