‘उजवा पंख झोपलाय’ म्हणणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानले की तुम्ही हात झटकता आणि विषय बदलता. दोनदा अनुभवून झालं. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. आता झटका हात.

विमानाचं मॉडेल झालं. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान एस.ई.५ए, खऱ्याच्या १/४८ मापात, अंगावर बी१८० हा क्रमांक. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम १७ सेंटिमीटर. तळहातावर मावत नाही, पण दोन तळहातांत मावतं. खरं तर हे विमान एकदा आधीच ‘झालं’ होतं आणि तिथेच आपली गाठ पडली.

तेव्हा मी ते मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना दाखवत होते. जो बघेल तो ‘वा!’ म्हणत होता. तुम्ही मात्र गुडघ्यावर बसलात, डोळे विमानाच्या पातळीला आणलेत, डावा डोळा मिटलात आणि बराच वेळ काही बोललाच नाहीत. मग म्हणालात, ‘‘उजवा पंख झोपलाय.’’ मी म्हटलं, दोन मिलिमीटरचा फरक असेल. तुम्ही मनातल्या मनात गुणाकार केलात. ‘‘दोन गुणिले अठ्ठेचाळीस. खऱ्या विमानात जवळजवळ दहा सेंटिमीटर. उभा जन्म विमानं दुरुस्त करण्यात गेला माझा. असलं विमान मी सही करून सोडलं असतं का?’’ आणि उठताना म्हणालात, ‘‘पंख उतरव.’’

चार दिवस मी तुमच्यावर धुमसत होते, हे आज कबूल करते. महिनाभराचं काम, आणि हा माणूस म्हणतो उतरव! पण एकदा दिसलेला वाकडेपणा पुन्हा न दिसता राहत नाही. पाचव्या दिवशी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही ‘कशी आहेस’ वगैरे काही विचारलं नाही. ‘‘दांडे कशाने चिकटवलेस?’’ एवढंच. सुपरग्लू म्हटल्यावर तुमचा आवाज खुलला. सुपरग्लू गारठला की ठिसूळ होतो, विमान रात्रभर फ्रीझरमध्ये ठेव, म्हणालात. आईस ट्रेच्या शेजारी रात्रभर पहिल्या महायुद्धातलं लढाऊ विमान ठेवलं. सकाळी बोटाने जरासा दाब दिला आणि ‘टिक्’ करून पहिला स्ट्रट, म्हणजे दोन पंखांमधला दांडा, सुटला. मग दुसरा. वरचा पंख अख्खा हातात आला, एक ओरखडाही नाही. तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात हसत उभी होते.

पुढचे तीन रविवार तुम्ही मला दिलेत. त्यातलं थोडं इथे लिहून ठेवते, कारण एकावर एक दोन पंख असलेलं विमान करायला घाबरणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

या विमानाचे दोन्ही पंख मुळापासून टोकाकडे पाच अंशांनी वर जातात. तुम्ही पुठ्ठ्यातून तो कोन कापून साचा बनवलात, वरचा पंख त्यात उलटा ठेवलात आणि धड त्यावर डोकं खाली करून बसवायला लावलंत. विमान पाठीवर झोपवून बांधायचं हे मला कधी सुचलंच नसतं. गोंद लावण्याआधी सहा वेळा कोरडंच जोडून बघायला लावलंत. सहाव्या वेळी मी वैतागले, आणि नेमका तेव्हाच मागचा एक स्ट्रट अर्धा मिलिमीटर लांब असल्याचं सापडलं.

मग तारा. तारा म्हणजे सजावट, असं मी धरून चालले होते. खोक्यावरच्या चित्रात असतात म्हणून लावायच्या. तुम्ही कागदावर चौकोन काढलात, त्यात दोन तिरक्या रेघा मारल्यात आणि विचारलंत, ‘‘हवेत असताना पंखाला कुठे जायचं असतं?’’ वर. मग त्याला खाली धरून ठेवणारी तार धडाच्या बुडापासून वरच्या पंखाच्या बाहेरच्या टोकाकडे जाते, ती उडतानाची. जमिनीवर पंखाचं वजन खाली ओढतं, त्याला उचलून धरणारी तार वरून मधोमध निघते आणि खालच्या पंखाच्या बाहेरच्या बाजूला येते, ती उतरल्यावरची. पुढच्या-मागच्या दांड्यांमधली फुली पंखाला पीळ पडू देत नाही. त्यानंतर मला आकृती बघावीच लागली नाही. प्रत्येक तार कुठे जाते हे ती काय काम करते त्यावरून कळायला लागलं.

तारांसाठी मेणबत्तीवर स्प्रू ताणायलाही तुम्हीच शिकवलंत. स्प्रू म्हणजे किटचे भाग जिला जोडून येतात ती प्लास्टिकची काडी. ती ज्योतीच्या जरा वर धरून फिरवत राहायची. चकाकी आली आणि मध्ये लचकली की आधी ज्योतीपासून बाजूला घ्यायची आणि मगच ओढायची. मी ज्योतीतच ओढत होते, म्हणून दर वेळी तुटत होती. तुमच्या हातून हातभर लांब, केसासारखा धागा निघाला. तो तुम्ही क्षणभर उजेडात धरलात आणि बाजूला टाकून दिलात! ‘‘शिकायला चांगलाय. पण हा गोल आहे. या विमानाच्या तारा चपट्या होत्या, हवा कापायला.’’ शेवटी चपटा लवचीक धागाच वापरला, तोही कड पुढे करून. इतकं बारीक कुणाला दिसणार, असं मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं.

रंगावर मात्र आपलं भांडण झालं. त्या काळच्या ब्रिटिश विमानांचा पी.सी.१० हा रंग तपकिरी की हिरवा, यावर मॉडेल करणारी माणसं वर्षानुवर्षं भांडत आली आहेत, आपणही भांडलो. तुम्ही बशीत पिवळी माती घेतलीत, त्यात काजळीचा काळा कणाकणाने मिसळलात आणि हिरव्याचा थेंबही न घालता माझ्यासमोर ऑलिव्ह उमटला. मूळ रंगातली द्रव्यंही हीच होती. मी माझं विमान तरीही किंचित तपकिरीकडे झुकवलंय. तुम्ही बघून ‘हं’ म्हणालात. ते ‘हं’ मी होकार म्हणून घेतलंय.

तिसऱ्या रविवारी तुम्ही विचारलंत, ‘‘कुणाचं आहे हे?’’ मी इंद्रलाल रॉय हे नाव घेतलं आणि तुम्ही हातातला चिमटा खाली ठेवलात. २ डिसेंबर १८९८ रोजी कोलकात्यात जन्मलेला, लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकलेला मुलगा. दृष्टी अधू म्हणून रॉयल फ्लाइंग कोअरने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश लष्कराच्या हवाई दलाने, आधी नाकारलं, तेव्हा मोटरसायकल विकून त्याने मोठ्या डॉक्टरकडून डोळे पुन्हा तपासून घेतले, असं सांगतात. डिसेंबर १९१७ मध्ये ५६व्या स्क्वॉड्रनमध्ये असताना विमान आदळलं. मेला समजून त्याला प्रेतांत ठेवलं होतं आणि शुद्धीवर आल्यावर त्यानेच आतून दार बडवलं, हीही गोष्ट सांगतात. त्या आजारपणात तो विमानांची चित्रं काढायचा. मग ४०व्या स्क्वॉड्रनमध्ये, जॉर्ज मॅकेलरॉयच्या हाताखाली, जुलै १९१८ मधल्या दोनेक आठवड्यांत त्याच्या नावावर दहा विजय लागले. डी.एफ.सी. या शौर्यपदकाच्या मानपत्रात ‘तेरा दिवसांत नऊ’ असं आहे, पण ते पदक त्याला बघायला मिळालं नाही. २२ जुलैला फ्रान्समधल्या कार्वँच्या आकाशात जर्मनांच्या फोकर डी-७ विमानांशी झालेल्या लढतीत तो पडला. वय १९. त्याच महिन्याच्या २६ तारखेला मॅनॉक हा नामवंत ब्रिटिश वैमानिक गेला, ३१ला मॅकेलरॉय.

तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग म्हणालात, ‘‘सुब्रतो मुखर्जींचा मामा ना हा?’’ हो, तोच. आपल्या हवाई दलाच्या पहिल्या भारतीय प्रमुखांचा मामा. आणि मग तुम्ही खिशातून तुमचं डोक्याला बांधायचं भिंग काढून माझ्यासमोर ठेवलंत. माझा उजवा डोळा जवळचं नीट दाखवत नाही, हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. तुम्ही ते पहिल्याच दिवशी ओळखलं असणार. जिचा उजवा डोळा कच्चा, तिच्या विमानाचा उजवा पंख खाली! पण त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. ‘‘हे ठेव, मला आता लागत नाही,’’ म्हणालात. ते खोटं होतं, काका. त्याच दिवशी तुम्ही वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचत होतात.

त्या भिंगातून मी लुईस बंदुकीचा ९७ गोळ्यांचा ड्रम रंगवला. वरच्या पंखावरची ती बंदूक वैमानिक उडतं विमान सांभाळत वक्र पट्टीवरून खाली ओढायचा आणि ड्रम बदलायचा. ड्रमच्या कडेवरचे दाते मला पहिल्यांदाच मोजता आले. क्रमांकाचे डिकॅल, म्हणजे चिकटवायचे छापील आकडे, किटमध्ये नव्हते. जुन्या डिकॅलच्या कागदांमधून ‘बी’ एका विमानाचा, ‘१’ दुसऱ्याचा, ‘८’ तर ‘३’चे दोन तुकडे जोडून केलाय. कुठे जोड आहे ते ओळखून दाखवा. (भिंग माझ्याकडे आहे, त्यामुळे मी निर्धास्त आहे.)

काल रात्री विमान टेबलावर ठेवलं, गुडघ्यावर बसले आणि डावा डोळा मिटला. दोन्ही पंखांची टोकं एका रेषेत. मग नखाने एक तार हलकेच छेडली. आवाज अर्थातच आला नाही, पण ती थरथरून पुन्हा ताठ झाली. फ्रान्समधल्या एस्तेव्हेलच्या दफनभूमीत रॉयच्या थडग्यावर बंगालीत कोरलंय की ही महावीराची समाधी आहे, आदर दाखवा, स्पर्श करू नका. ते आठवलं आणि हात मागे घेतला.

रविवारी घेऊन येतेय. दार उघडाल तेव्हा गुडघ्यावर बसायची घाई करू नका, आधी चहा.

तुमची,
पंख उतरवलेली विद्यार्थिनी

ता. क. पुढचं किट फोकर डी-७ आहे. त्याच्या पंखांना बाहेरून तारा नसतात, तेव्हा भिंग परत करायला हरकत नव्हती. पण त्याचं कापड बहुरंगी, वेड्यावाकड्या बहुकोनांच्या छापाचं असतं आणि तो सगळा छाप डिकॅलने बसवायचाय. भिंग आणखी थोडे दिवस ठेवते.