पिल्ले उडाली, माइट घरात

महोदय,

खिडकीवरचे किंवा एसीमागचे घरटे रिकामे झाले, की काही दिवसांत घरात खाज सुरू होते आणि खापर फुटते ढेकणांवर. खरा दोषी बहुधा घरट्यातला माइट, म्हणजे पक्ष्यांचे रक्त पिणारा बारीक जीव. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण 5 मिलिमीटरचा. पक्ष्यांवरचा माइट जेमतेम 1 मिलिमीटर. एरवी राखाडी, रक्त प्यायला की लालसर. भिंतीवर चालणारा ठिपका पारदर्शक चिकटपट्टीने उचलून पांढऱ्या कागदावर लावा आणि भिंगातून पाहा. प्रौढाला आठ पाय दिसतील.

तो माणसाला चावतो, पण अंगावर बिऱ्हाड करत नाही. त्यामुळे खरजेची मलमे वाया जातात. (अंगावर कीटकनाशक फवारणे तर निव्वळ वेडेपणा.) मूळ घरट्यात आहे. पिल्ले असताना हात लावू नका. ती उडाली की लगेच मास्क, हातमोजे घालून घरट्यावर थोडे पाणी शिंपडा, म्हणजे धूळ उडणार नाही, आणि ते पिशवीत घट्ट बांधून टाका. आजूबाजूच्या फटी व्हॅक्यूमने साफ करून तो कचराही तेव्हाच घराबाहेर. अंथरुणे 60 अंशांच्या पाण्यात धुवा. फट बुजवायची ती सगळ्यात शेवटी. घरटे आत ठेवून बाहेरून बुजवली, तर उपाशी माइट खोलीकडेच वळतात. काही जाती उपाशीपोटी महिनोन्‌महिने तग धरतात.

– एक वाचक